लेकीच्या गावी, पण लेकीच्या घरी नाही

गेल्या अंकात एका वाचकाला मी दोन ओळींत सांगून टाकलं होतं, की नातवंडांना भेटायला जाताना आरव्ही न्या आणि जवळच्या कॅम्पग्राउंडवर उतरा. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली, की या महिन्याची सगळी जागा त्यांनाच दिली. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज आणि कोपर भिंतीला लागेल एवढंच न्हाणीघर. कॅम्पग्राउंड म्हणजे ते घर उभं करायची भाड्याची जागा. बऱ्याच ठिकाणी तिथे वीज आणि पाण्याची जोडणी मिळते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक नॉर्थ कॅरोलायनात केरीला, मुलगा टेक्सासात डॅलसकडे. आमच्याकडे जुनी क्लास सी आहे, म्हणजे तोंड ट्रकचं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा. दर वर्षी तिने लेकीकडे जातो आणि लेकीकडे उतरत नाही.

प्रश्न: ताई, आम्ही कोलंबस, ओहायोला राहतो. दोघंही निवृत्त. मुलगी, जावई आणि दोन नातवंडं, एक नऊ वर्षांचा नि एक पाचाची, केरीला असतात. तीन बेडरूमचं टाउनहाउस, त्यातली एक खोली जावयांचं ऑफिस. आम्ही गेलो की ते लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर येतात आणि आम्ही दिवसभर कुजबुजत बोलतो. ऑक्टोबरात आरव्ही भाड्याने घेऊन केरीजवळच्या जॉर्डन लेक या तळ्याकाठी चार रात्री राहावं असं ह्यांच्या मनात आहे. मुलीला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "आई, माझं घर असताना तू रानात राहणार?" पुण्याच्या नणंदबाईंनी तर सरळ विचारलं, काही बिनसलंय का. जावं की बेत रद्द करावा?

उत्तर: बेत रद्द करू नका. तो पुन्हा सांगा, वेगळ्या शब्दांत.

तुम्ही काहीही म्हणाला असाल, मुलीने ऐकलं ते "आम्ही तुझ्याकडे राहणार नाही." तिला फोन करून म्हणा, "शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही चौघं आमच्याकडे जेवायला या, आणि पोरांना रात्री ठेवून जा." कुठे, ते तिला माहीतच आहे. आठ तासांचा रस्ता आणि रजांचा हिशेब यामुळे लेक कोलंबसला किती वेळा येते, ते तुम्हीच जाणता. तुम्ही गेलात की यजमान तीच. चादरी ती बदलते, जादा दूध ती आणते, "आई, तू बस गं" दिवसातून वीसदा तीच म्हणते. कॅम्पग्राउंडवर पारडं फिरतं. टेबल तुमचं, चहा तुमचा, "अजून एक घे" म्हणणारी तुम्ही. नातवंडांना आजोळ मिळतं, तेही त्यांच्याच गावाच्या वेशीवर.

माझी लेक पहिल्या वेळी फुरंगटलीच होती. शनिवारी सकाळी पोरांना घेऊन आली, तेही "बघू तरी काय थाटलंय" अशा चेहऱ्याने. पायरीवर बसून दोन कप चहा प्यायली. थोरला नातू आजोबांबरोबर पाण्याचा नळ जोडायला गेला, धाकटी माळ्यावर चढून बसली ती खाली यायला तयार नाही. आणि लेक आत जाऊन आमच्या बिछान्यावर आडवी झाली ती तासभर उठली नाही. स्वतःच्या घरी ती दुपारची कधी झोपत नाही. आम्ही असलो तर मुळीच नाही, कारण आई-बाबा आलेत! त्या दिवसापासून आमच्या गाडीबद्दल तिची तक्रार संपली. उलट ऑगस्ट आला की "जागा बुक केलीत का" म्हणून तीच मागे लागते.

नणंदबाईंना स्पष्टीकरण देत बसू नका. तळ्याकाठी खुर्ची टाकून बसलेल्या त्यांच्या भावाचा फोटो पाठवा. पुढचा प्रश्न "एका रात्रीचे किती पडतात" हा येईल.

आता कामाचं. जॉर्डन लेक म्हणजे हॉ नदीवर लष्कराच्या इंजिनियर कोअरने बांधलेल्या धरणाचं पाणी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भरलं. केरीहून यूएस ६४ महामार्गाने ॲपेक्स गाव ओलांडलं की पाणी दिसायला लागतं. काठाने पॉप्लर पॉइंट, क्रॉसविंड्स, पार्कर्स क्रीक, व्हिस्टा पॉइंट अशी निरनिराळी कॅम्पग्राउंडं आहेत. बुकिंग करताना वीज आणि पाणी दोन्ही आहे असं लिहिलेलीच जागा घ्या, काही जागांना काहीच नसतं. सांडपाण्याची जोडणी जागेवर नाही, ते निघताना डंप स्टेशनवर सोडायचं. नकाशात पाण्याला चिकटलेली जागा दिसली की मन जातं, पण नातवंडं पाच वर्षांची असतील तर पाण्यापासून जरा आत आणि न्हाणीघराच्या इमारतीजवळ असलेली जागा बरी. तळ्याच्या कडेला बसून अर्धा वेळ "मागे हो, मागे हो" ओरडण्यात जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, फाटक. जॉर्डन लेकची कॅम्पग्राउंडं नॉर्थ कॅरोलायनाच्या स्टेट पार्कांत, म्हणजे राज्य सरकारच्या उद्यानांत मोडतात, आणि या पार्कांची फाटकं रात्री बंद होतात, ती सकाळीच उघडतात. भर उन्हाळ्यात साधारण नऊला, पुढे दिवस लहान होत जातो तसं लवकर. एकदा बंद झालं की अडीनडीखेरीज आत-बाहेर नाही. म्हणजे लेकीकडे जेवायला जाल त्या दिवशी साडेसहाला पान वाढा असं आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे आठपर्यंत गप्पा, साडेआठला "चला, पानं घेऊ", आणि दारात चपला घालून आणखी अर्धा तास. हा कार्यक्रम तिथे चालत नाही. पाहुण्यांनाही हाच नियम, म्हणून शुक्रवारी चौघं तुमच्याकडे आले तर जावयांच्या घड्याळावर तुमचंही लक्ष असू द्या. त्या महिन्याची नेमकी वेळ पार्कच्या वेबसाइटवर बघून गाडीच्या काचेला चिकटवा. एका जागेवर किती माणसं आणि किती गाड्या चालतात तेही तिथेच बघा.

मला विचाराल तर हे फाटक वरदान आहे. संध्याकाळी निघायची वेळ कुणी दुसऱ्यानेच ठरवलेली असली की "एवढ्यात निघालात?" हा प्रश्न उरत नाही, आणि कुणाला जांभया दाबत बसावं लागत नाही. नाती टिकायला गोडवा लागतो म्हणतात. माझ्या मते वेळेवर उठणं जास्त लागतं.

दुसरं, गाडी. क्लास सी घेतलीत तर गावात फिरायला वेगळी मोटार हवी. नाही तर दर वेळी पाण्याचा पाइप काढा, वायर गुंडाळा, कपाटं बंद करा आणि सगळं घर घेऊन पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानात कोथिंबीर आणायला निघा. तुमचे जावई घरून काम करतात, म्हणजे त्यांची गाडी दिवसभर उभीच असणार. ती मागून घ्या. जावयाकडे काही मागायचं नसतं ही जुनी रीत इथे बाजूला ठेवा. मागितलेलं त्यांना आवडतं.

ऑक्टोबर छान निवडलात. केरी ज्या वेक काउंटीत येतं तिथल्या बऱ्याच शाळा वर्षभर चालतात, नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी अशा आळीपाळीने. सुट्टीला मुलं ट्रॅक आउट म्हणतात. नातवंडांची शाळा तशी असेल तर त्यांचा ट्रॅक, म्हणजे आळीपाळीतला गट, विचारून घ्या. ऑक्टोबरच्या मधल्या वारी पोरं मोकळी आणि कॅम्पग्राउंड रिकामं असा योग जुळू शकतो. शनिवार-रविवारच्या जागा मात्र फार आधी जातात. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत कधी बेत करू नका: तिथल्या पाइनच्या झाडांचा पिवळा पराग इतका पडतो, की दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा हळदीला गेलेला दिसतो.

आणि रस्ता. कोलंबसहून तुम्ही आय-७७ महामार्गाने वेस्ट व्हर्जिनियातून उतराल. एका दमात करू नका. आरव्हीला मोटारीपेक्षा वेळ लागतो आणि रस्ता डोंगरातला आहे. व्हर्जिनियात विथव्हिलला मुक्काम करा, तिथे आय-७७ आणि आय-८१ एकत्र येतात. गंमत म्हणजे तेवढ्या पट्ट्यात एकाच रस्त्यावर तुम्ही आय-७७ ने दक्षिणेला आणि आय-८१ ने उत्तरेला जात असता. पाटी बघून आमच्या ह्यांनी गाडी हळू केली होती. करू नका, रस्ता बरोबर आहे. विथव्हिलच्या पुढे फॅन्सी गॅपचा उतार लागतो. तिथे धुकं उतरतं आणि त्या धुक्यात मोठे अपघात झालेले आहेत. सकाळी कॉफी पिऊन, ऊन वर आल्यावर निघा, गिअर खाली टाका आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नका.

प्रश्न: काकू, मी ठाण्याचा, वय ६६, पत्नी ६२. मुलगा टेक्सासमध्ये फ्रिस्कोला असतो. जूनमध्ये व्हिजिटर व्हिसावर येतोय. मुलाचं घर मोठं आहे, पण सूनबाईंची आईही त्याच वेळी येणार आहे. म्हणून तीन-चार दिवस मी आरव्ही भाड्याने घेऊन जवळच कुठेतरी राहावं म्हणतो. गाडी मीच चालवीन, घोडबंदर रोडवर आयुष्य गेलंय. परवाना कुठला लागतो? ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे असं ऐकलं, ती मिळेल का?

उत्तर: परवान्याचं आधी. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच, आपल्या आरटीओतून काढून आणायचं. ते वर्षभर चालतं आणि सोबत मूळ लायसन्स लागतं. त्याने मोटार चालवायला हरकत नाही, पण आरव्ही भाड्याने देणाऱ्याच्या अटी आणि विम्याच्या अटी वेगळ्या असतात. त्या आधी लेखी विचारा.

तरी माझा सल्ला, तुम्ही चालवू नका. घोडबंदर रोडवर ज्याने हात बसवला त्याला ट्रॅफिकची भीती नाही, हे मान्य. पण इथे उजवीकडून चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे, मागे पंचवीस फूट लांबी आणि वर अकरा-बारा फूट उंची. पेट्रोल पंपाचं छप्पर, बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूची कमान, झाडाची फांदी, या सगळ्यांना वरचा एसी लागतो. तीन दिवसांच्या हौसेसाठी हे कशाला? त्यापेक्षा मालकच आरव्ही आणून कॅम्पग्राउंडवर उभी करून, वीज-पाणी जोडून देतो आणि तुम्ही गेल्यावर घेऊन जातो अशी सोय भाड्याच्या बऱ्याच गाड्यांना आहे. थोडे जास्त पैसे लागतात. मुलगा तुम्हाला मोटारीने सोडेल. गाडी हलवायचीच नाही, मग मोठी घ्या आणि पाय पसरून राहा.

फ्रिस्कोच्या उत्तरेला पायलट पॉइंटजवळ रे रॉबर्ट्स लेक स्टेट पार्क आहे, त्यातला आइल डू बॉइस हा भाग बघा. टेक्सासच्या स्टेट पार्कांत पाच महिने आधीपासून जागा मिळतात, म्हणजे जूनसाठी आत्ताच मुलाला कामाला लावा. जागेच्या भाड्याशिवाय तिथे माणशी रोजचं प्रवेशशुल्क असतं, बारा वर्षांपर्यंतची मुलं फुकट. विजेची जागाच घ्या, एसीशिवाय टेक्सासचा जून काढणं म्हणजे ठाण्याचा मे डब्यात बंद होऊन काढणं. आणि बाकी काही केलंत नाहीत तरी वैद्यकीय विमा भारतातून निघण्याआधी उतरवा.

ज्येष्ठांची सवलत तुम्हाला मिळणार नाही. ती आहे केंद्र सरकारच्या जागांसाठी: वर्षाला २० डॉलर किंवा आयुष्यभराचे ८०, वय ६२ किंवा जास्त, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. ज्यांच्याकडे तो पास असेल त्यांनी लक्षात ठेवा, राष्ट्रीय उद्यानांतल्या आणि इंजिनियर कोअरच्या अनेक कॅम्पग्राउंडांवर त्याने भाडं निम्मं होतं, पण स्टेट पार्कात तो चालत नाही.

राहिला विहिणीचा मुद्दा. दोन्हीकडचे आजी-आजोबा एका छताखाली आले की घरात प्रेम वाढतं आणि सूनबाईंचा रक्तदाबही. तुमची कल्पना उत्तम आहे. फक्त विहीणबाईंनाही एक दिवस तळ्यावर जेवायला बोलवा, म्हणजे तुम्ही त्यांच्यामुळे बाहेर गेलात असं त्यांना वाटणार नाही.

प्रश्न: कॅम्पग्राउंडचे पैसे कशाला घालवायचे? आमच्या मुलाच्या घरापुढे दोन गाड्यांचा ड्राइव्हवे आहे. तिथेच आरव्ही लावून राहिलं तर काय बिघडलं? एक वाचक, एडिसन.

उत्तर: तुमचं काहीच बिघडत नाही, बिघडतं ते मुलाचं. तो एचओएमध्ये, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीत, राहत असेल तर बहुतेक नियमावलीत आरव्ही बाहेर लावायला बंदी असते किंवा सामान चढवण्या-उतरवण्यापुरती मुभा असते. एचओए नसलं तरी गावाचे स्वतःचे नियम असतात, आणि "लावणं" आणि "आत झोपणं" या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी असतात. तुम्ही चार दिवसांनी निघून जाता, नोटीस मुलाच्या नावाने येते, आणि समोरच्या घरातल्यांशी वर्षभर मान हलवायची असते ती त्याला. ड्राइव्हवे उताराचा असेल तर आतला जुन्या पद्धतीचा, गॅसवरही चालणारा फ्रीज नीट गार होत नाही, त्याला सपाटी लागते. गॅरेजमधल्या साध्या प्लगवर दिवे चालतील, फोन चार्ज होतील, एसी नीट चालणार नाही. लांब, बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड लावून तो चालवायचा प्रयत्न तर अजिबात नको. वायर तापते.

शिवाय ड्राइव्हवेत राहिलात की तुम्ही घरातही नसता आणि बाहेरही नसता. सकाळी सहाला चहाला आत जावं की नाही, हा विचार करत काचेतून स्वयंपाकघराचा दिवा बघत बसायचं. ते नकोच.

प्रश्न: मावशी, आरव्हीत फोडणी घातली की अलार्म ओरडायला लागतो. माझ्या सासूबाईंना भाताबरोबर फोडणीचं वरण रोज लागतं. काय करावं?

उत्तर: पहिली गोष्ट, वैतागून अलार्मची बॅटरी काढू नका. छतावरचा धुराचा असतो, आणि खाली जमिनीलगत असतो तो गॅसचा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. बंद गाडीत झोपताना हे दोन्ही आणि कार्बन मोनॉक्साइडचा, असे सगळे चालू हवेत.

फोडणी बाहेर घाला. जागेवर विजेचा जो खांब असतो त्यावर आरव्हीच्या मोठ्या प्लगशिवाय साधा वीस अँपिअरचा प्लगही असतो. त्याला इंडक्शन लावा, लाकडी टेबलावर ठेवा आणि मोहरी मनसोक्त तडतडू द्या. आमच्या शेजारच्या जागेवरचे एक अमेरिकन आजोबा कढीपत्त्याच्या वासाने वाटी घेऊनच आले होते. वरण-भात खाऊन गेले आणि संध्याकाळी स्वतः पकडलेला मासा साफ करून देऊन गेले. ह्यांना तो सौदा फार आवडला.

आत शिजवायचंच असेल तर विजेचा हिशेब ठेवा. तीस अँपिअरच्या जागेवर १२० व्होल्टने एकूण ३,६०० वॅट मिळतात. इंडक्शनला १,८०० पर्यंत लागतात, एसीला आणि मायक्रोवेव्हला प्रत्येकी साधारण १,५०० धरा. दोन चालतील, तिसरं लावलंत की सगळं गप्प. भारतातून आणलेला मिक्सर इथे चालत नाही, तेव्हा चटणी आणि वाटण घरूनच करून डब्यात न्या. कणीक मात्र तिथेच मळा, पोरांना हाताला काम मिळतं. थालीपीठं सर्वांत सोपी: भाजणीचा डबा, कांदा, एक तवा. कुकर रात्री दहानंतर आणि सकाळी लवकर लावू नका, त्या वेळा सगळीकडे शांततेच्या असतात. शिट्टी दोन-चार जागा ओलांडून जाते.

जेवण झाल्यावर टेबलावर शिताचा दाणा ठेवू नका. रॅकून नावाचे छोटे रानटी प्राणी रात्री येतात आणि डब्याची झाकणं उघडतात. अस्वलांच्या मुलखात तर अन्न ठेवायचे नियम कडक असतात, ते पाळायचेच.

प्रश्न: बाकी सगळं पटतं हो, पण संडासाची टाकी आपणच रिकामी करायची हे ऐकल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही जा, मी लेकीकडे राहते." हे काम किती वाईट असतं? एक वाचक, शिकागोजवळ.

उत्तर: काम पाचेक मिनिटांचं आहे आणि नीट केलं तर हाताला थेंब लागत नाही. सौ.ना त्यात ओढू नका. माझ्या पाहण्यात हे काम पुरुष मोठ्या अभिमानाने करतात, आणि आपण त्यांना करू द्यावं.

गाडीत तीन टाक्या: चांगल्या पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि संडासाची. शेवटच्या दोन रिकाम्या करायच्या. जाड पाइप डंप स्टेशनच्या तोंडात नीट बसवा, मग आधी संडासाची टाकी सोडा आणि तिच्यामागून सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हा क्रम उलटा करायचा नाही. वापरून फेकायचे हातमोजे घाला. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप वेगळा असतो. तो आणि हा जाड पाइप एका कप्प्यात ठेवायचे नाहीत, आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबाने चाललात तर चूक होणार नाही. सांडपाण्याची थेट जोडणी असलेली जागा मिळाली तरी संडासाच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी बसतं. भरपूर पाणी टाका, आणि लवकर विरघळणारा कागदच वापरा.

आणि सौ.ना हे सांगा: बऱ्याच कॅम्पग्राउंडांवर न्हाणीघरांची पक्की इमारत असते, गरम पाणी असतं. आम्ही दिवसा तिथेच जातो. गाडीतला संडास रात्री-अपरात्रीपुरता. अशी टाकी तीन-चार रात्रींत अर्धीही भरत नाही. त्यांना रबरी चपला आणि अंघोळीच्या सामानाला एक जाळीची पिशवी घेऊन द्या. न्हाणीघरातल्या ओळखी लेकीच्या घरात होत नाहीत.

प्रश्न: काकू, माझे आई-बाबा कॅम्पग्राउंडवर उतरतात तेव्हा माझ्या सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना रात्री तिथेच राहायचं असतं. बाबा म्हणतात, त्यांना आरव्हीत बसवून तळ्याला एक चक्करही मारून आणतो. मला धाकधूक वाटते. पाठवू का?

उत्तर: राहायला पाठवा. चक्कर मारायला नको.

चालत्या आरव्हीत सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं असतं. सहा वर्षांच्या मुलाला बूस्टर, म्हणजे सीटवर ठेवायची मुलांची उंच बैठक, लागतो आणि तो पुढे तोंड असलेल्या, नीट पट्टा असलेल्या जागेवरच बसवावा लागतो. सोफ्याची आडवी जागा त्यासाठी नाही. माळ्यावर झोपून जाणं तर अजिबात नाही, पोरांनी कितीही हट्ट केला तरी. ट्रेलर असेल, म्हणजे गाडीमागे ओढायचा, तर चालताना त्याच्या आत कुणीच बसायचं नाही. बाबांना हे तुम्ही सांगू नका, त्यांना राग येईल. दहा वर्षांच्या मुलाला सांगायला लावा.

माळ्यावर दहावाला झोपू दे, सहावाला खाली आजीजवळ. कडेला जाळी असली तरी रात्री झोपेत उतरताना शिडी दिसत नाही, तिथे एक छोटा दिवा लावून ठेवायला सांगा. शेकोटीची लाकडं घरून पाठवू नका, तिथेच विकत घ्यायची. लाकडातून झाडं मारणारे किडे एका गावातून दुसऱ्या गावात जातात. एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, आता कित्येक राज्यांतली ॲशची झाडं त्याने खाल्ली आहेत. शेकोटी विझवताना पाणी ओतून राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचं. हे काम मुलांना द्या, ती ते फार मन लावून करतात.

दक्षिणेकडे असाल तर रात्री न्हाणीघराकडे जाताना बूट आणि टॉर्च, कारण कॉपरहेड हा विषारी साप वाळक्या पानांत दिसत नाही. सकाळी-संध्याकाळी पोरांच्या कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड बघायची. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-तूप लावत बसायचं नाही. आईला हे एकदा फोनवर सांगून ठेवा.

आणि फाटक बंद झाल्यावर तुम्हाला आत जाता येणार नाही, हे लक्षात घेऊन सामान भरा. ताप उतरायचं औषध त्याच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून, डॉक्टरांचा नंबर, विम्याच्या कार्डाची प्रत, आणि उपचार करायला आजी-आजोबांना परवानगी आहे असा तुमच्या सहीचा कागद. दम्याचा पंप असेल तर तो पोराच्या बॅगेत टाकू नका, आईच्या हातात द्या.